देवाच्या पाण्याचा तांब्या

छाणी, बडोदे
८ नोव्हेंबर २०२४

ती. शरदमामास नीरजाचा सा. न.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र.

आईने तुझ्याकडून आणलेला तो उंच, जाड पानांचा सेडम आठवतो? तीस वर्षं आमच्या गच्चीवर टिकला. आई गेल्यापासून सहा महिन्यांत मात्र सडत चाललाय. आता एकच देठ उरलाय. नर्सरीतल्या भाईंनी हा छोड, म्हणजे हे रोप, गेलाच समजा, असं सांगितलं. बाबांना हे सांगायचा मला धीर होत नाही. पूजा झाली की आईसारखेच ते देवाच्या पाण्याचा तांब्या घेऊन वर जातात आणि अर्धा तास त्या कुंडीपाशी बसतात. तुझ्याकडून दुसरं रोप मिळेल का?

लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.
तुझी नीरजा

पाचगणी
१६ नोव्हेंबर

चि. नीरजास अनेक आशीर्वाद.

माझं झाड रानडुकरांनी कधीच उकरलं. तुझा देठ तेवढा शिल्लक, तेव्हा जपून.

सेडमच्या पानांतच पाणी साठलेलं असतं. त्याला रोज तांब्याभर पाणी म्हणजे जेवून उठलेल्याला श्रीखंडाचा आग्रह. देठाचे चार-चार बोटांचे तुकडे कर, खालची पानं खुड आणि कापलेली टोकं तीन दिवस सावलीत सुकू दे. मग निम्मी वाळू घातलेल्या मातीत खोच. आठवडाभर पाणी नको. खुडलेली पानंही मातीवर ठेवून बघ. म्हणे त्यांनाही मुळं फुटतात.

पण ताई रोज पाणी घालत असती, तर झाड तीस वर्षं जगलंच नसतं. मग तो तांब्या ती कुठे रिकामा करायची? शोधून कळव, मला चैन पडणार नाही.

म्हाताऱ्यावर माया असू दे.
शरदमामा

छाणी, बडोदे
१८ डिसेंबर

रा. रा. शरच्चंद्र यांस हेरंबचा स. न. वि. वि.

नीरजाने तुमचं पत्र माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. म्हणजे झाड मीच मारत होतो!

मग तुमचा प्रश्न डोक्यात घोळायला लागला. गच्ची पालथी घातली. टाकीमागे एक पसरट मातीचं भांडं सापडलं, आतून पाण्याच्या क्षाराने पांढरं झालेलं. ते भरून ठेवलं. चौथ्या दिवशी साळुंक्यांची जोडी आली आणि बिनधास्त पाण्यात उतरली. अहल्या रोज त्यांच्यासाठी वर जात होती. तीस वर्षं मी खाली पेपर वाचत बसलो, एकदाही तिच्या मागून गेलो नाही. याचं फार वाईट वाटतं.

चार तुकडे लावले, एक गेला. उरलेले तीन काल हलकेच ओढून पाहिले. त्यांनी माती सोडली नाही. एका पानाला दोऱ्याएवढं मूळही फुटलंय. एक कुंडी तुमची. फेब्रुवारीत मी स्वतः घेऊन येतो.

भांडं भरायची वेळ झाली. आपली माया असू द्यावी.
हेरंब