घाटाच्या नकाशातली मोकळी जागा

अण्णा,

घाटातल्या रेल्वेच्या नकाशातून आपले गाव तुम्ही भीतीपोटी काढून टाकले नव्हते, एवढेच मला इथे सिद्ध करायचे आहे. आरोप माझा होता, म्हणून पुराव्याची जबाबदारीही माझीच.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. सीमेवरचे, वादात अडकलेले नदीकाठचे ते शहर, त्याच्या वरचा घाट आणि भोवतालची गावे मराठी आहेत, हे मी भोईवाड्यातल्या आपल्या चाळीच्या सभेत नकाशावर बोट ठेवून दाखवणार होते. मी, कॉलेजच्या वादसभेत बक्षिसे मिळवणारी तुमची थोरली. तुम्ही सरकारी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, नकाशे गिरवून प्रती करणारे. घाटातल्या रेल्वेच्या जुन्या नकाशाची ट्रेसिंगच्या कापडावर केलेली तुमच्या हातची प्रत घरी होती. उंचीच्या रेषा केसासारख्या, नदी हात न उचलता ओढलेली. सभेच्या संध्याकाळी मी ती सर्वांसमोर उलगडते, आणि आपलेच गाव तिथे नाही. शेजारचे गिरणीतले मालवणी काका हसतात, "अण्णानू, तुमचो गाव इंजिनान गिळल्यान काय?"

मी हसले नाही. कापडावरची चूक तुम्ही ब्लेडने खरवडता, हे मला ठाऊक होते. "नोकरीला जपून तुम्ही आपलं गाव खरवडलंत," मी चाळीदेखत म्हणाले. तुम्ही कापड खिडकीशी नेऊन उजेडात धरलेत.

"मूळ नकाशात नाही ते मी रेखाटत नाही. खरवडलेलं असेल तर इथे दिसेल. बघ."

मी पाठ फिरवली आणि तडक शिवडीला मावशीकडे गेले. चार दिवसांनी परतले, तेव्हा नकाशा ट्रंकेत गेला होता. तो विषय तुम्ही पुन्हा कधीच काढला नाहीत. मात्र खिडकीत कापड धरलेले दोन हात मला अजून दिसतात. चेहरा कापडामागे असतो.

तुमच्या माघारी आज ट्रंक उघडली आणि ते कापड मी स्वतः उजेडात धरले. रेल्वे त्यात तुटक रेषेने आहे, म्हणजे रूळ अजून पडायचे होते. आपले गाव त्या रुळांसाठी खडी फोडायला आलेल्यांनी नंतर वसवले. हे तुम्हीच मला लहानपणी सांगितले होते. मूळ नकाशात ते असणे शक्यच नव्हते.

सिद्धता इथेच संपायला हवी होती. पण त्या जागी कापड खरोखरच खरवडलेले आहे, आणि तिथे गावाच्या नावाची निळी सावली उरली आहे. तुमची शाई काळी असे. निळी माझ्या पेनात होती, आणि पेन त्या संध्याकाळी मी टेबलावरच विसरले होते. म्हणजे मी गेल्यावर, माझ्यासाठी, तुम्ही गाव लिहिलेत. मग ते तुमच्या हाताला सोसले नाही, आणि तुम्हीच ते खरवडलेत.

हे पत्र नकाशातच गुंडाळून ठेवते आहे. चूक एकच, आणि ती सही करून मान्य करते: तुम्ही 'बघ' म्हणालात, तेव्हा मी बघितले नाही.

तुमची थोरली