आवणी चुकवायचं निमित्त

तळेघर, ता. ८ जुलै २०२४

ती. सौ. मंगलकाकूस रत्नाचा सा. न. वि. वि.

भाऊजी मंचरला चाललेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. फोनवर बोलले तर घरभर ऐकू जातं.

आपल्या अवसरीत मी बटाटे लावले, कांदे काढले. भाताची आवणी मात्र लग्नानंतरच पाहिली. काल पहिल्यांदा चिखलात उतरले. बायका मागं सरकत सरळ ओळीत रोपं लावतात, माझी ओळ बांधाकडं पळाली. मला चैन पडेना. सगळ्या भाकरी खायला बसल्यावर ती उपटून नीट लावायला गेले, तर निम्मी रोपं पाण्यावर तरंगली. सासूबाईंनी ती गोळा करून पुन्हा लावली, त्यानं जास्तच लाज वाटली.

इथं सावड असते. त्या बायका आमच्याकडं आल्या, आता आठवडाभर आम्ही त्यांच्या शेतात जायचं. मला नाही जायचं. आई आजारी आहे असा फोन तू सासूबाईंना कर, म्हणजे आवणी संपेपर्यंत मी माहेरी येईन. एवढं कर.

तुझ्याच भरवशावर असलेली,
रत्ना

अवसरी बुद्रुक, ता. १० जुलै

चि. सौ. रत्नास अ. उ. आ.

तुझी आई ठणठणीत आहे, आत्ताच माझ्याशी भांडून गेली. तिला आजारी पाडायचं काम माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.

अगं, मी पंचेचाळिसाव्या वर्षी ट्रॅक्टर शिकले. तीन वर्षं झाली, ट्रॉली मागं घेताना अजून वाकडी जाते. गेल्या महिन्यात दादाभाऊंच्या गोठ्याची भिंत पाडली. लोक लई हसले. भिंत बांधून दिली आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रॅक्टर काढला. तू शाळेतपण एक अक्षर चुकलं की अख्खं पान फाडायचीस. भात म्हंजे वही न्हाई. येत न्हाई ते येत न्हाई म्हणून सांग आन् उतर. माहेरी दिवाळीला ये, लपायला नको.

माया आहेच, ती मागावी लागत न्हाई.
मंगलकाकू

तळेघर, ता. १६ जुलै

ती. सौ. काकूस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला, मग भिंतीचं वाचून हसू आलं. गेले सावडीला. लंकाबाईंच्या शेतात उतरतानाच सांगून टाकलं, की मला नीट जमत नाही, हळू लावीन, पण दिवस पुरा भरीन. त्यांनी मला आपल्या शेजारी घेतलं. चौथ्या दिवशी कंबर धरली, हात मात्र चालायला लागले.

काल काम उरकून सगळ्या बांधावर उभ्या होतो. सरळ ओळींत एकच ओळ नागमोडी गेलेली. लंकाबाईंच्या सुनेनं विचारलं, ही कुणाची. कुणालाच नक्की आठवत नव्हतं. गप्प राहिले असते तरी खपून गेलं असतं. मी चिखलाचा हात वर केला आणि सांगितलं, माझी आहे. सगळ्या हसल्या, आणि काकू, सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

तुझा लोभ असाच तिखट राहू दे.
रत्ना