सुतक पंपाला लागू नाही

मी, श्रीमती अरुणा नंदकुमार केळुसकर, वय एकाहत्तर, भौतिकशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार सेक्टर २३, जुईनगर, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असल्यास माझ्याशी वाद घालून पाहावा.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी मुलगा पार्थ यास द्याव्यात. फ्लॅटबरोबर सोसायटीच्या कमिटीशी चाललेलं पार्किंगचं भांडणही त्याच्याकडे जाईल. ते मिटवू नये, आपली बाजू खरी आहे.

२. रबाळे येथील माझा स्वकष्टार्जित गाळा, आतील यंत्रांसह, सून क्षिप्रा हिला एकटीला द्यावा. पार्थला तो कुरिअरवाल्यांना भाड्याने द्यायचा आहे, हे मला ठाऊक आहे. बाळा, तो विचार सोड.

३. गाळ्यात काय चालतं, हे वॉचमनपासून व्याह्यांपर्यंत सगळे विचारतात, म्हणून लिहून ठेवते. अखंड चालणाऱ्या पंपाने हवा काढलेल्या स्टीलच्या भांड्यात बिस्मथ धातूचा अतिशय पातळ थर ठेवून मी आणि क्षिप्रा त्यावर इलेक्ट्रॉन मारतो. धडकेने अणूच्या आतला एखादा इलेक्ट्रॉन बाहेर उडतो आणि ती रिकामी जागा भरताना क्ष-किरण निघतो. हे किरण मोजले की अशा धडकेने अणूचं आयनीभवन किती सहज होतं ते कळतं. कमी ऊर्जेला पुस्तकातलं गणित फुगवलेला आकडा देतं, असं माझं म्हणणं आहे. मी ते परिषदांमध्ये वर्षानुवर्षं मांडत आले आणि लोक हसून चहाला जात आले. आता मोजणी निम्म्यावर आली आहे.

४. पती वारले तेव्हा थोरल्या नणंद विमलबाई रबाळ्याला जाऊन मेन स्विच पाडून आल्या. "घरात सुतक आणि तिथं मशीन घरघरतंय, बरं दिसतं का, अरुणा?" असं म्हणाल्या. केलं ते भावाच्या मायेनेच. पण पंप थांबला, भांड्यात हवा शिरली, थर खराब झाला आणि सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्या आठवड्यात मी दोनदा रडले, दुसऱ्यांदा बिस्मथसाठी. विमलबाईंना माझी अंजिरी पैठणी द्यावी. गाळ्याची किल्ली देऊ नये.

५. सबब, माझ्या मृत्यूनंतर पंप क्षणभरही बंद करू नये. क्षिप्राने सुतक न पाळता दुसऱ्याच दिवशी गाळ्यावर जावं. कोणी नावं ठेवली तर हे कलम वाचून दाखवावं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तर मोजणी कुठवर आली ते मोठ्याने सांगावं, शिवेल.

६. काल क्षिप्राने विचारलं, "आई, आकडा पुस्तकासारखाच आला तर?" मलाही तीच भीती आहे. उभं आयुष्य ज्यासाठी भांडले ते खोटं ठरेल. तरी जो येईल तो आकडा, माझ्यावर दया म्हणून जराही न हलवता छापावा. माझं म्हणणं खरं निघालं, तर शोधनिबंधावर क्षिप्राचं नाव आधी आणि माझं नंतर. खोटं निघालं, तर माझं आधी.

सही: अरुणा केळुसकर
जुईनगर, ९ फेब्रुवारी २०२५

अरुणाबाईंनी आम्हां दोघांसमोर, सगळा मजकूर स्वतः मोठ्याने वाचून, सही केली.
साक्षीदार: १. डॉ. सुनयना गद्रे २. तेजस म्हात्रे