आजारी आजीची सही

प्रिय माले,

पत्र बघून दचकू नकोस, मी मेले न्हाय. तुमच्या साहेब लोकांच्या कागदात मी मरायला टेकलेली असंन, पण हितं मंगळवेढ्याच्या माळावर सकाळी सहा भाकरी थापून, मेंढरं सोडून लिहायला बसले. कागद कसा धरायचा ते तुला सांगायला नको. चार महिने तुझा फोन न्हाय. आधी दर रविवारी यायचा. कोणती मेंढी लंगडती, कोणती व्याली, सगळं विचारायचीस. आता काय विचारावं ते सुचत नसंल.

माझा आजार मला रंभाबाईकडनं कळला. शहाळी घेऊन आली, मागं आख्खी वाडी. मी तवा एडका पायात दाबून लोकर कातरत होते. रंभाबाई दारातच थबकली. म्हणाली, अगं बया, तू अंथरुणात न्हाईस? म्या म्हटलं, अंथरूण तुझ्या सुनंला दे, तिला दुपारपतूर लागतं. मग तिनं पेपर दाखवला. तुझा फोटो, आणि खाली लिहिलेलं, जगाच्या पशुधन संस्थेच्या प्रमुखपदाच्या निवडणुकीतून सोलापूरची विजयमाला आजीच्या गंभीर आजारामुळं मागं हटली. नऊ दिवस माणसं मला बघायला येत होती. शहाळी पिऊन पिऊन सर्दी झाली, तेवढाच काय तो माझा आजार.

त्याच दिवशी मला सयाजीचं तोंड आठवलं. माढ्याचा पोरगा, दिल्लीत मोठा साहेब झालेला, तुझ्या निवडणुकीचं सगळं बघणारा. गेल्या उन्हाळ्यात हितं बसून हुलग्याचं माडगं वाटी पुसून खाल्लं आणि छातीवर हात मारून बोलला, आजी, एका देशाला एक मत. निम्म्यापेक्षा जास्त देश माझ्या खिशात हायती, तुमची नात खुर्चीवर बसलीच म्हणून समजा. खिशातच होते की. खोटं बोलला न्हाय. खिसा कुणासाठी शिवलाय तेवढं सांगायचं राहिलं.

सांगोल्याच्या बाजारात तू माझ्याबरोबर यायचीस. दलाल भाव ठरवायला कसे रुमालाखाली बोटं धरतात, तोंडानं पावसापाण्याचं बोलतात, आणि मेंढी कवा विकली ते मेंढीला कळत न्हाय. तुमच्या मतदानाच्या गावी, व्हिएन्नाला, तसंच झालं, ते मला मागनं सयाजीच्याच माणसाच्या बोलण्यातनं उमगलं. सयाजी समोरच्या देशांना बोलला, विजयमालेला आमी मागं घेतो, गुरांच्या खुर्चीवर तुमचा माणूस बसवा. मग शेजारच्या पाण्याच्या संस्थेची खुर्ची रिकामी झाली की तुमच्या टोळीची मतं आमच्या सयाजीला. मेंढी तू होतीस, पोरी. आणि रुमाल म्हणून माझा आजार पांघरला. मला कुणी फसवलं तर मी शिव्या देऊन सोडते. पण मला जित्तेपणी तिरडीवर घालून कुणी खुर्ची मिळवावी, ते मी सोडणार न्हाय.

मी बोंबलले न्हाय. लांडग्यानं एक मेंढरू नेलं की बोंबलायचं नसतं. तो त्याच वाटंनं परत येतो, काठी घेऊन गप बसायचं असतं. परवा मंगळवारी तो आला. सयाजी खुद्द न्हाय, त्याचा माणूस चन्नप्पा, अक्कलकोटकडचा, कानडीत आईला म्हणतात तसं मला अव्वा म्हणणारा. पांढरी गाडी, बगलेत फाईल, हातात शाईचा डबा. म्हणाला, अव्वा, साहेबांच्या पाण्याच्या खुर्चीचं मतदान जवळ आलंय आणि एका देशानं तक्रार केलीय, की म्हातारी आजारी नव्हतीच, खुर्चीच्या बदल्यात खुर्ची घेतली. मग तुमचा एक कागद लागतोय, मी तवा लई आजारी होते म्हणून. हितं अंगठा करा. म्या म्हटलं, मला लिवता येतं. तो हसला. म्हणाला, मग तर बेष्टच की, सही करा. तेवढ्यात आपली काळी शेळी त्याच्या गाडीत चढली आणि गादीवर लेंड्या टाकायला लागली. तो बोंबलत तिकडं पळाला. शेळी आपणहून चढली न्हाय, ते तुला सांगते.

परत येऊन त्यानं कागद बघितला. म्हणाला, अव्वा, ही कसली सही, नुसती मुंग्यांची रांग. म्या म्हटलं, बाबा, मंगळवेढ्याकडं अशीच करतात. त्यानं कागद फाईलीत घातला, मला एक शाल पांघरली आणि गेला. शाल शेळीला घातलीय. तिनं कमावली.

पण मी कागदावर लिवायच्या आधीच, माझा विश्वास बसावा म्हणून त्यानं तुझा कागद दाखवला. अव्वा, ताईंनी पण सही केलीय, बघा. बघितली. आजी शेवटच्या घटका मोजतीय, असं त्यात लिहिलंय, त्यानंच वाचून दाखवलं. बदल्यात तुला दुसऱ्या नंबरची खुर्ची मिळाली, तेही तोच बोलला, कौतुकानं. तवा कळलं, रविवारचा फोन का बंद झाला.

तर हे पत्र त्यासाठी. मतदानाच्या आदल्या दिवशी चौकशीला तुला बोलावलंय, तितं माझा कागद तुझ्यापुढं ठेवतील आणि ताईंनी फक्त मान हलवायची, असं चन्नप्पा म्हणाला. म्हणून आज सोलापूरला सात रस्त्याला उतरून पोस्टातल्या बाईकडनं पाकिटावर पत्ता लिहून घेणार हाय, म्हणजे वेळेत पोचंल. तू चौथीत होतीस तवा चुलीपुढं राखेत अक्षरं काढायचीस. मी समोर बसायचे, आणि समोरनं दिसली तशीच घोकली. म्हणून माझं लिवणं अजून उलटं. कागद फिरवल्याबिगर कुणाला लागत न्हाय, आणि फिरवायचं एकट्या तुला ठाऊक. सयाजीच्या कागदाखाली माझी सही न्हाय. तितं मी लिवलंय, मी ठणठणीत हाय, हे दोघं खोटं बोलतात. दोघं लिवलंय, एक न्हाय. ते वाचलंस तर त्याची खुर्ची जाईल, आणि तुझीबी जाईल. माझा सूड माझ्या हातनं झाला तेवढा झाला, उरलेला तुझ्या हातात हाय. मान हलवायची का कागद फिरवायचा, ते तू बघ.

तुझीच, अजून न मेलेली आजी
अंबुबाई