बुंग, सिग्नल गेला

सापारुआ बेट, शुक्रवार

प्रिय अनिस तेते,

पत्र बघून तुम्हाला वाटेल, ही पोरगी हॅम रेडिओवर का नाही बोलली. रेडिओवर निम्मं गाव ऐकत असतं, म्हणून. आणि फोनवर तुम्ही आधी हवामान विचारता, मग तब्येत, मग फोन ठेवता.

इकडे सगळे बरे आहेत. लवंगा वाळत घातल्यात, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. आमचे तेते, माझे सख्खे आजोबा, म्हणजे तुमचे बुंग, थोरले भाऊ, काठी घेऊन कोंबड्या हाकलतात आणि त्यांना शिव्या देतात. शेजारचे नुस काका म्हणतात, म्हातारा बायकोशी एवढं बोलला असता तर ती सारखी चर्चला पळाली नसती.

मी सुट्टीला आले तेव्हा मोबाइलवर एक साइट शोधली. मला ती जाम आवडली. आपण कुठे, समोरचा कुठे, अँटेना केवढी, एवढं भरायचं. मग ती सूर्याची हालत बघून सांगते, कुठल्या तासाला आवाज तिथपर्यंत पोचेल. हिरवं म्हणजे पोचेल, लाल म्हणजे गप्प बसा. मी तेतेंना म्हटलं, आता नुसतं ओरडत बसायला नको, आधी बघायचं आणि मग बोलायचं. ते म्हणाले, मी सूर्याला तुझ्या फोनपेक्षा जास्त वर्षं ओळखतो. पण चष्मा लगेच लावला.

त्या रविवारची आमची संध्याकाळ, म्हणजे तुमची सकाळ, अंधार पडेपर्यंत हिरवीगार होती. तुम्ही दोघं छान बोलत होता. तुमच्या गुडघ्याचं झालं. हॉलंडमध्ये पापेदाच्या लापशीला कशी चव नसते, ते झालं. मग तेतेंनी नेहमीचं विचारलं, घरी कधी येतोस. आणि तुम्हीही नेहमीचंच म्हणालात, बुंग, सिग्नल गेला, बँड बंद होतोय. आणि गेलात.

तेते स्क्रीनकडे बघत राहिले. हिरवं. मग त्यांनी बटण जरासं फिरवलं, तर तुमच्याच गावातला दुसरा एक रेडिओवाला जपानशी गप्पा मारत होता, इतका खणखणीत की नुस काकांनी कुंपणापलीकडून विचारलं, पाहुणे कोण आलेत. मी म्हटलं, तेते, साइट नुसता अंदाज सांगते, चुकतेसुद्धा. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“इतकी वर्षं मी सूर्याला शिव्या देत होतो,” ते म्हणाले. “अनिसला यायचंच नाहीये.”

रागावले नाहीत. जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोंबड्या.

तुम्ही का येत नाही यावर घरात मतं आहेत. आई म्हणते, तुमची आई गेली तेव्हा येता आलं नाही, म्हणून आता पाय निघत नाही. मामा म्हणतो, एवढा वेळ विमानात कोण बसणार. मला माहीत नाही.

पण तुम्हालाही एक गोष्ट माहीत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी तुम्ही हाका मारता, उत्तर येत नाही, मग तुम्ही म्हणता, आज सूर्य काही बरा दिसत नाही, आणि सेट बंद करता. सूर्य ठणठणीत आहे. तुमचा शब्द न् शब्द आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. गेल्या रविवारी तुम्ही खोकलात, तेही आलं. तेते रेडिओसमोर बसलेले असतात, आंघोळ करून, चर्चला जायचा शर्ट घालून. माइक हातात धरतात, बोलायचं बटण दाबत नाहीत. तुम्ही बंद केलंत की मगच उठतात. म्हणून लिहितेय. पत्र मिळाल्यावर जो रविवार येईल, त्या दिवशी हाका मारत बसू नका. आवाज येतोय का, असंही विचारू नका. येणार नाही म्हणून सरळ सांगा, आणि का ते सांगा. ते ऐकतायत.

तुमचीच नात,
वेलमी