काम थांबवायचा हक्क

सोमवार, ४ मार्च

झालं! कलम मंजूर!! कंपनीच्या प्रत्येक बांधकाम-करारात आता हे असणार — जिवाला धोका दिसला की साइटवरचा कुठलाही मजूर शिट्टी वाजवून काम थांबवू शकतो, आणि त्यासाठी त्याला कामावरून काढता येणार नाही. शब्द न् शब्द माझा! मालकांनी आधी नाक मुरडलं. पण कर्ज देणाऱ्या बँकेला हल्ली धूळ, सांडपाणी, मजुरांची सुरक्षा, कारभार — सगळंच बघायचं असतं. शेवटी मालकांनी मुकाट सही केली. मी आज हवेत आहे. असू दे!

मंगळवार, ५ मार्च

नवरा याच कंपनीत साइट इन-चार्ज. घरात शिरल्या शिरल्या सुरू — "वकीलबाई, आता माझ्या साइटवर काम कमी आणि शिट्ट्याच जास्त!"

बुधवार, १३ मार्च

पहिली शिट्टी! विटा वाहणाऱ्या एका बाईने वाजवली — सामान वर चढवायच्या लिफ्टचा दोर झिजून तुटायला आला होता. नवरा धुसफुसला, पण दोर बदलला. बाई म्हणाली, "ताई, वाजवली आणि आधी विचारलं, कामावरून काढणार नाही ना?" जेवताना मी हे सगळ्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तर सासूबाई म्हणाल्या, "कळलं गं, आता जेव."

गुरुवार, २१ मार्च

उद्या मोठा स्लॅब. मालक बँकेच्या लोकांना घेऊन येणार, मलाही बोलावलंय. नवरा नुसता तणतणतोय — "उद्या कोणी शिट्टी वाजवली ना, तर बघतोच!"

शुक्रवार, २२ मार्च

वाजली! मालक, पाहुणे, काँक्रीटच्या गाड्या रांगेत — आणि स्लॅबखालचे टेकू एका बाजूला कलायला लागलेले. माणसं भराभर खाली उतरली. मग तो कोपरा धाडकन कोसळला. कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही!

आणि वाजवली कोणी? माझ्या नवऱ्याने!! मालक त्याचा दंड धरून कुजबुजत होते, "पाहुणे जाऊ देत, मग बघू." हा ऐकतोय कुठला! शेजारच्या मजुराच्या गळ्यातली शिट्टी ओढली आणि जीव खाऊन फुंकली. मी बघतच राहिले. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्याचा इतका अभिमान वाटला नव्हता. घरी आल्यावर तसं सांगितलं, तर लाजला चक्क!

शनिवार, २३ मार्च

पाहुण्यांसमोर शोभा केली म्हणून मालकांनी त्याला काढून टाकलं. कलम घेऊन मी तरातरा केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "नीट वाचा. मजूर लिहिलंय. तो इन-चार्ज आहे."

तसंच आहे. मीच लिहिलंय.