केबिनच्या पट्टीतील बुजवलेले भोक

प्रति,
मा. मुख्य व्यवस्थापक,
फाउंड्री विभाग.

विषय : क्रेन क्रमांक तीन आजच थांबवण्याबाबत.
संदर्भ : याच विषयावरील माझा मागील अर्ज व त्यावरील आपला शेरा, ‘पाहिले’.

महोदय,

वरील क्रेनची केबिन पोलादी पट्ट्यांनी तुळईला टांगलेली आहे. पट्ट्या चार, त्यांचे वरचे वेल्ड चार. पैकी तीन शाबूत आहेत. चौथ्याच्या कडेपासून पट्टीत आडवा तडा गेला आहे. त्या केबिनमध्ये माझा थोरला भाऊ बसतो. हे नाते मी आधीच सांगते, म्हणजे ते शोधून काढण्यात देखभाल विभागाचा वेळ जाणार नाही.

१. ‘पट्टी केबिनच्या दहापट वजन पेलेल, मग तडा वाढेलच कसा?’ असे देखभाल प्रमुखांनी मला विचारले. तो नुसत्या वजनाने वाढत नाही, हिसक्यांनी वाढतो. क्रेन धावते, थांबते. दर वेळी केबिन हिंदकळते आणि वेल्डच्या कडेला, जिथे ताण एकवटतो, तिथे तडा किंचित उघडून मिटतो. एका हिसक्याला तो केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी सरकतो. पण जितका लांब होतो, तितका पुढे सरकण्याचा वेग वाढतो. रोज मरे त्याला कोण रडे, हे पोलादालाही लागू आहे.

२. तडा बावीस मिलिमीटर असताना मी त्याच्या टोकाशी गोल भोक पाडून घेतले. तड्याचे टोक धारदार असते, म्हणून तो फाटत जातो. भोकात शिरला की धार बोथट होते. हा कायमचा इलाज नव्हे, पट्टी बदलेपर्यंतची सोय आहे. ती चालली. माप बावीसच राहिले. नवी पट्टी मात्र आली नाही.

३. मग बाहेरच्या निरीक्षकांच्या पाहणीची तारीख आली. प्रमुख म्हणाले, “अहो ताई, भोक तसंच ठेवून क्रेन दाखवायची? पाहुण्यांपुढे फाटका सदरा घालून उभं राहायचं का?” मी रजेवर असताना त्यांनी भोक वेल्डने भरून घेतले, घासून गुळगुळीत केले, वर पिवळा रंग मारला. वेल्डर मला कौतुकाने म्हणाला, “मॅडम, असं बुजवलंय, बोट फिरवून सांगा कुठे होतं ते!” त्याचा हात चांगला आहे, यात वाद नाही. पण निवताना आकसलेल्या त्या वेल्डने पट्टी आतून ओढून धरली आहे आणि तड्याला पुन्हा धार मिळाली आहे. पाहणीत क्रेनला ‘उत्तम’ शेरा मिळाला.

४. मी रंग खरवडून, तड्यावर गोळा होऊन त्याची रेघ दाखवणाऱ्या चुंबकीय भुकटीने तपासले. तडा बुजवलेल्या भोकातून पलीकडे गेला होता : एकेचाळीस मिलिमीटर. त्यावर नोटीस निघाली, ती मला, रंग खराब केल्याबद्दल. खरवडलेला भाग स्वतः रंगवून द्यावा, असा आदेश आहे. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मी रंगवणार नाही.

५. भावाला मी वर चढू नकोस म्हटले. तो म्हणाला, “मी उतरलो तर दुसऱ्याला चढवतील. त्याच्याही घरी कोणीतरी असेलच की. तू क्रेन थांबव, मला काय थांबवतेस?” म्हणून हा अर्ज. मला चौकशी समिती नको, चहापाण्याची बैठक नको. पट्टी बदलेपर्यंत क्रेनची मुख्य कळ बंद करून तिला कुलूप लावावे. ते जमत नसेल, तर ‘हा तडा असताना क्रेन चालवावी’ असे आपल्या सहीने लिहून द्यावे. ‘पाहिले’ चालणार नाही.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
(सही)
कनिष्ठ तपासणीस, धातू चाचणी कक्ष
दिनांक : ९ ऑगस्ट

सोबत : भुकटी-तपासणीची छायाचित्रे, रंगाच्या नोटिशीची प्रत.

ता. क. : अर्ज देण्यापूर्वी, जेवणाच्या सुट्टीत क्रेन उभी असताना घेतलेले माप : पट्टीची रुंदी १२० मिलिमीटर, तडा ७१ मिलिमीटर.